विजयाबाईंचं ओवळं

सावेडीतल्या विजयाबाईंनी शाळेत जन्मभर गणित शिकवलं. घरात मात्र त्यांचा हिशोब नवऱ्यापुढे कधी चालला नाही. यज्ञेश्वररावांचं सोवळं कडक. तहसील कचेरीत कारकुनी करताना त्यांनी साहेबांचा चहासुद्धा घेतला नाही, तिथे बायकोची काय कथा! सकाळी ते सोवळ्याचा रेशमी कद नेसले की विजयाबाईंनी हातभर लांब राहायचं. त्यांना हे कधीच पटलं नव्हतं, पण रोज सकाळी कटकट नको म्हणून पाळत आल्या.

यंदा यज्ञेश्वरराव दोनदा पडले. दोन्ही वेळा पूजा करून उठताना, डोळ्यांपुढे अंधारी येऊन. दुसऱ्यांदा कपाळाला टाके पडले. मग डॉक्टरांनी छातीला वायरी चिकटवून कमरेला एक डबी अडकवली. हृदयाचे ठोके दिवसरात्र नोंदवणारं यंत्र. आंघोळ नको, अंग पुसून घ्या, यंत्र काढायचं नाही, असं चांगलं बजावलं.

रिपोर्ट उत्तम आला. विजयाबाईंना हायसं वाटतंय तोच डॉक्टर म्हणाले, "सकाळचा तासभर कोराच आहे. यंत्र काढलं होतं?"

"आंघोळ आणि पूजेपुरतं," यज्ञेश्वरराव शांतपणे म्हणाले. "ते लटांबर घेऊन देवाला कसं शिवणार?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजोबा, तुम्ही पडता नेमके त्याच वेळी! ठोका मध्येच थांबत असेल, तर एखाद्या दिवशी उठणारच नाही तुम्ही."

यंत्र पुन्हा लावलं. दुसऱ्या सकाळी यज्ञेश्वररावांनी अंग पुसण्यावर भागवलं. आंघोळीची तेवढी सवलत देवाकडून मिळाली असावी. डबीची मिळाली नव्हती. कद नेसून ते देवघरापुढे उभे, आणि बोटं वायरीवर.

विजयाबाई पारोशा होत्या. तशाच पुढे झाल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"अगं, शिवलीस! बाटलं सगळं!"

"बाटलं ना? मग आता यंत्र काढून काय उपयोग? करा तशीच पूजा." त्यांनी हात सोडला नाही. "मला तुमचं सोवळं नकोय हो. तुम्ही हवे आहात."

यज्ञेश्वरराव पुटपुटत पाटावर बसले. विजयाबाई त्यांच्या पाठीला लागूनच बसल्या.

आरती करून उठताना यज्ञेश्वररावांचा तोल गेला. विजयाबाईंनी त्यांना अंगावर झेललं आणि हाका मारत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, तेव्हा डोकं बायकोच्या मांडीवर होतं.

"यंत्र होतं ना गं लागलेलं?"

"होतं. आता कळेल डॉक्टरांना," म्हणत विजयाबाईंनी सवयीने त्यांच्या कपाळावरचा हात मागे घेतला.

यज्ञेश्वररावांनी तो धरला. "राहू दे," ते म्हणाले.