भांडण घेऊन या

आळेफाट्याच्या आमच्या छोट्या दवाखान्यात पेशंट एक आणि त्याला बघायला येणारे वीस. नाशिकची बस चुकली की स्टँडवरचे लोक दोन शहाळी घेऊन जिना चढून वर दवाखान्यात येतात. कॉटपाशी पहिला प्रश्न ठरलेला: "लई दुखतंय का?" मी इथली नर्स. या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो.

एकदा एक बाई आली, डोंगरातली, भात-नाचणी पिकवणारी. गुडघा बदलला होता. ऑपरेशननंतर दिलेलं दुखणं मारणारं अफूच्या जातीचं इंजेक्शन तिला सोसलं नाही, उलट्या, भोवळ. डॉक्टरांनी ते बंदच केलं. उरलं काय, तर वेळेवर साध्या गोळ्या, बर्फ आणि चालणं. चालली नाही तर गुडघा आखडणार. तिचं घर चढावर, तिथवर रस्ता नाही. दीड महिन्याने तपासणीला दवाखान्याचा जिना चढता आला नाही, तर आईला कायमचं फाट्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत ठेवायचं, असं मुलाने ठरवलं होतं.

"शिस्टर, तिथं माझा जीव नाय लागायचा," ती म्हणायची. पण उठवायला गेलं की कॉटची दांडी सोडायची नाही. गोळी देऊन, बर्फ लावून मी तिला कशीबशी बसती करावी, तोच कुणी पाहुणी येऊन दुखण्याचं विचारायची आणि ही पुन्हा आडवी. माझं डोकं फिरायचं.

तिसऱ्या दिवशी जुन्नरचे एक मुसलमान व्यापारी आले. ती रानातून वेचून वाळवायची तो औषधी हिरडा वर्षानुवर्षं तेच विकत घ्यायचे. शहाळं ठेवता ठेवता म्हणाले, "मावशी, औंदाचा तुमचा हिरडा वला व्हता."

"वला? माझा?" ती ताठ बसली. "आठ दिस उन्हात व्हता त्यो!"

मी संधी सोडते कुठली? वॉकर पुढे सरकवला आणि तिच्या दंडाला धरलं. गृहस्थ मोठे बेरकी. "वला म्हंजी वलाच," म्हणत दाराकडे मागे मागे सरकत गेले आणि ती भांडत त्यांच्या मागे. दारात पोचल्यावर तिला कळलं आपण कुठे आलोय ते. दुखत होतंच, कपाळावर घाम होता, पण हिरडा वाळलेला होता हे तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

मग मी नियमच केला. भेटायला यायचं तर दुखण्याचं नाव काढायचं नाही, भांडण घेऊन यायचं. जाऊ बांधावरून भांडली, विहीण मानपानावरून. आधी घड्याळ बघून गोळी, मग बर्फ, मग भांडण. तपासणीपर्यंत ती मुलाच्या खोल्यांवर राहणार होती; तिला सोडताना मुलालाही मी हेच बजावलं.

दीड महिन्याने ती आली. वॉकर नव्हता. कठडा धरून, ओठ मिटून, एकेक पायरी करत अख्खा जिना चढली आणि वर जाऊन उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांसमोरच टाळ्या वाजवल्या.

मुलगा खालच्या पायरीवर बसला. बायकोला फोन लावून म्हणाला, "आईचं गठुडं बांधून ठेव. ती घरी चाललीय."

वरून आवाज आला, "सकाळीच बांधलंय मी."