साडू आणि रस्त्यावरची झुडपं

उभ्या सौदी अरेबियात वाळक्या झुडपांना घाबरणारा एकच माणूस होता आणि तो नेमका माझा साडू निघाला. बाकीचे लोक तिथे उंटांना घाबरत, पोलिसांना घाबरत, कफिलाला, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाला, तर झोपेतसुद्धा घाबरत. साडूंना यातल्या कशाचंच काही वाटत नसे. पण वारा सुटला की मुळापासून उपटलेली गोल, काटेरी झुडपं वाळवंटातून घरंगळत हमरस्त्यावर येत, आणि त्यातलं एखादं लांब दिसलं तरी साडू पाठ ताठ करून बसत. ही झुडपं वजनाला सुपाएवढीही नसतात. लोक ताशी एकशेचाळीसने त्यांच्या अंगावरून गाडी नेत. "झुडूप कुणाला मारत नाही हो," साडू मला शांतपणे समजावत. "झुडूप बघून माणूस गपकन स्टीअरिंग फिरवतो, आणि मग मरतो."

साडू मूळचे नाशिकचे आणि अल खर्जला एका डेअरीत मेंटेनन्स इंजिनिअर. मी रियाधला बँकेत. त्यांची एकुलती एक लेक रेवा नववीपासून शाळेसाठी आमच्याकडे, म्हणजे मावशीकडे राहायला आली. तिथली सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, म्हणून दर बुधवारी दुपारी साडू तिला न्यायला येत आणि शुक्रवारी संध्याकाळी आणून सोडत. पोरीला मागच्या सीटवर बसवून हा तासाभराचा रस्ता धडपणे पार करायचा, यापलीकडे त्या माणसाला आयुष्यात दुसरी महत्त्वाकांक्षा नव्हती. त्यांना त्या तासाला अडीच तास लागत. बारावी झाली की तिथल्या आपल्या बहुतेक मुलांसारखी तीही शिकायला पुण्याला जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. साडूंसमोर मात्र तो विषय कुणी काढत नसे.

झुडूप दिसलं की साडू गाडी कडेला घेत, चारही दिवे लुकलुकते ठेवत, डेअरीतलं पिवळं जाकीट अंगावर चढवत आणि डिकीतून लांब दांड्याचं दाताळं काढत. मग मागून एकही गाडी येत नाही हे दोनदा बघून ते झुडूप रस्त्यापलीकडे ओढून नेत आणि वर दगड ठेवत. "अहो, जवळच्याच बाजूला टाका ना," असं मी एकदा बरोबर असताना म्हणालो. त्यांनी माझा मान राखून तसं केलं. वारा त्याच बाजूने होता. आम्ही गाडीत बसेपर्यंत झुडूप आमच्या चाकाखाली परत हजर. साडूंनी दाताळं माझ्या हातात दिलं. रेवा या सगळ्या वेळात डोळ्यांसमोर पुस्तक धरून सीटवरून खाली खाली सरकत असे. "बाबा, प्लीज! सब देख रहे हैं!"

एकदा तर पोलिसाने हटकलं. भर वाऱ्यात पिवळं जाकीट घालून रस्ता झाडणारा इंजिनिअर त्याने आधी पाहिला नसावा. त्याने इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, मागितला, व्यवसायाचा रकाना दोनदा वाचला आणि हे काय चाललंय असं विचारलं. साडूंचं अरबी गोठ्याच्या आसपास शिकलेलं, क्रियापदांशी त्याचा संबंध नव्हता. त्यांनी झुडपाकडे बोट केलं, "खतर." धोका. मग गाडीतल्या लेकीकडे, "बिन्त." मुलगी. पोलीस बराच वेळ त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग पुढचं झुडूप त्याने स्वतःच्या बुटाने बाजूला लोटलं आणि "यल्ला", चला, म्हणून निघून गेला.

अखेर बारावी झाली, पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. ऐन उन्हाळ्यात डेअरीचं कूलिंग सोडून जायला साडूंना रजा मिळेना, म्हणून मायलेकी दुपारच्या विमानाने निघणार होत्या. मी सामान उचलायला आदल्या दिवशीच अल खर्जला गेलो होतो. निघालो तेव्हा वारा असा होता की झुडपांची जत्राच भरलेली. साडू प्रत्येकासाठी उतरले. मग जी रस्त्याच्या कडेला गुमान पडली होती, त्यांच्यासाठी उतरले. शेवटी एक झुडूप तर पार लांब वाळूत होतं.

"ते रस्त्यावर आलेलंच नाही," मी म्हणालो.

"येईल," साडू म्हणाले आणि दार उघडलं.

"अहो, विमान जाईल!" मेहुणी कळवळून म्हणाली.

"परवा आहे की दुसरं," ते बाहेर बघत म्हणाले.

इतका वेळ मीही घड्याळ बघून मनातल्या मनात त्यांच्यावर चिडत होतो, त्याची मला लाज वाटली. मग मागचं दार उघडलं. रेवा उतरली, अबायाचा काळा घोळ एका हाताने आवरत वाळूत गेली आणि वडिलांच्या हातून दाताळं काढून घेतलं. झुडूप ओढलं, वाऱ्याची दिशा बघून बरोबर बाजूला नेलं, वर दगड ठेवला आणि दगड हलत नाही ना हे पायाने तपासलं. "बाबा, मला येतं," ती म्हणाली. "आता चला." साडू गाडीत येऊन बसले आणि आम्ही विमान गाठलं.

परतताना आम्ही दोघंच होतो. ते मला रियाधला घरी सोडून पुढे जाणार होते. विमानतळाच्या रस्त्यावर एक भलंमोठं झुडूप समोर आलं. मी सवयीने डॅशबोर्ड धरला. साडूंनी ब्रेक लावला नाही. गाडी सरळ त्याच्यावरून गेली, खालून काड्या मोडल्याचा आवाज आला, आणि काटा एकशेवीसवरून जराही हलला नाही. त्यांना ते दिसलं तरी होतं की नाही कोण जाणे.

घरापाशी मी उतरलो. आज इथेच राहा, असं खूप म्हणून पाहिलं, पण ते ऐकेनात. मग मी खिडकीशी वाकून म्हणालो, "सावकाश जा हं." या माणसाला हे सांगायची वेळ कुणावर कधी आली नव्हती.