अँबॅसिडरची डावी मूठ

आधी मामींचं सांगतो, गाडीचं मागून. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या मामी नसत्या तर ती अँबॅसिडर केव्हाच मोडीत गेली असती, आणि आपल्याला काही येत नाही असं समजून मीही भट्टीपुढं बसून राहिलो असतो. मामी माझ्या नात्यातल्या नव्हेत. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली आहेत. त्या धंद्याला गलाई म्हणतात. सातवीत नापास झालो तेव्हा चुलत्यांनी मला कुंभकोणमला आणलं आणि मुशीपुढं बसवलं. वही सुटली ती सुटलीच.

एकदा मामी चेपलेला चांदीचा तांब्या मोडायला घेऊन दुकानात आल्या. चुलते मला शिव्या देत होते, मराठीतच, इथं कुणाला कळणार आहे अशा भरवशावर. मामींनी शांतपणे तांब्या खाली ठेवला.

"पोराला इतकें बोलूं नये," त्या म्हणाल्या. "ऐकवत नाहीं."

चुलत्यांच्या हातातला चिमटाच पडला.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"आम्हीं तंजावरचे. तीनशें वर्षें जालीं. तूं कोठला?"

"सांगलीचा."

"ते कोठें आलें?"

इतक्या लांब येऊन मराठी बोलणारं माणूस भेटावं आणि त्याला सांगली ठाऊक नसावी! पण रविवारी जेवायला ये म्हणाल्या, आणि मी गेलो.

जेवण झाल्यावर हात धुवायला परसात गेलो तर पत्र्याच्या शेडमध्ये गाडी दिसली. जुन्या घडणीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढं एकच लांब बाक. वर नारळाच्या झावळ्या, चारी चाकं मातीत रुतलेली. मामींचे यजमान गेल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, ती हलली नव्हती. मामी बोलता बोलता डाव्या दाराच्या मुठीवर हात फिरवत होत्या. ती त्यांची बाजू. चालवायचे ते, बसायच्या या.

मामींच्या परदेशातल्या मुलाच्या सल्ल्यानं ही मागची जागा शेडसकट विकली गेली होती. घेणारा आडी या तमिळ महिन्यात नव्या जागेला हात लावणार नव्हता. इकडं आडीत कुणी शुभकाम काढत नाही. पुढचा महिना आवणी, तो लागला की पहिल्या चांगल्या दिवशी तो ताबा घेणार, आणि त्याच दिवशी मोडवाल्याचा टेम्पो यायचा होता.

"मी बघू का चालू होते का?" माझ्या तोंडून निघून गेलं. मला गाडीतलं काय येत होतं? चुलत्यांची व्हॅन चालवायचो, एवढंच. पण दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या घरातल्या चांगल्या वस्तू वितळवून गोळे करत आलो होतो. एक तरी मोडीतून मागं फिरवावी, असं वाटलं.

मामींनी मुलाला फोन लावला. बोलणं तमिळमध्ये झालं. मग मला म्हणाल्या, "त्या दिवशीं आपल्या पायांनी मागल्या फाटकाबाहेर गेली, तर पुढच्या अंगणांत राहील. ढकलून नव्हे. आपल्या पायांनी."

मिळाला तो आडीचा एक महिना. दुपारी दुकानात काम नसलं की मी पळायचो, रविवारी दिवसभर. यजमानांनी जपलेलं गाडीचं पुस्तक होतं, पण इंग्रजीत. मामी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्या पायरीवर बसून एक ओळ वाचायच्या, आपल्या मराठीत सांगायच्या आणि म्हणायच्या, "लिही."

"मामी, माझं अक्षर..."

"अक्षर मला पाहायचें आहे, तुला नाहीं. लिही."

पहिल्या दिवशी घामानं पेन बोटांतून निसटत होता. पण पंधरा दिवसांत माझ्या वहीत इंधनाचा रस्ता टाकीपासून इंजिनपर्यंत काढलेला होता, बाणांसकट. ती वही मी अजून पेटीत कपड्यांच्या वर ठेवतो.

तिरुनागेश्वरम्‌च्या रस्त्यावरचा एक म्हातारा मेकॅनिक रविवारी यायचा. जाम झालेल्या इंजिनात त्यानं तेल ओतलं आणि आठवडाभर हात लावायचा नाही म्हणाला. आठवड्यानं इंजिन फिरलं. रुतलेली चाकं आम्ही उकरून काढली, टायर आणि बॅटरी बदलली. ब्रेक त्यानं स्वतः केले, त्यांना मला शिवू दिलं नाही.

आणि मग मी घाण केली.

आमच्यात कुठलीही काळवंडलेली वस्तू आधी तेजाबात जाते. हातालाच सवय ती. डाव्या दाराची मूठ गंजानं अडकत होती, ती मी काढली आणि न विचारता दुकानात नेऊन पातळ तेजाबात सोडली. वाटलं, आत पितळ असणार, उजळून निघेल. आत निघालं जस्ताचं ओतकाम. फेस आला, तांबूस धूर आला. चिमट्यानं वर काढली तोवर मुठीची जाळी झाली होती.

तीन दिवस मी मेलकावेरीला फिरकलो नाही. गावाकडं निघून जावं असंही मनात आलं. चौथ्या दिवशी मामी छत्री टेकत दुकानात आल्या. मी कागदात गुंडाळलेली मूठ पुढं केली. त्यांनी कागद उघडून बघितला.

"मूठ गेली म्हणून तूंही गेलास काय?" त्या म्हणाल्या. "दिवस किती राहिले? चल. आणि वहींत लिही, विचारल्याविण तेजाब नाहीं."

मी खरंच लिहिलं. त्या पानावर शाई जरा फुटली आहे.

आवणीला दोन दिवस उरले तेव्हा इंजिन पहिल्यांदा पेटलं आणि लगेच गुदमरलं. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल भळाभळा वाहायला लागलं. मेकॅनिकनं तो उघडला. आत पेट्रोलवर तरंगणारी एक पोकळ पितळी डबी असते, तिच्यामुळं पेट्रोलची वाट वेळेवर बंद होते. ती बुडून बसली होती.

"तंबी, डबीला भोक आहे," तो म्हणाला. धाकट्या भावाला इकडं तंबी म्हणतात. "नवी चेन्नईहून मागवायची, आठवडा लागेल. संपलं."

"द्या इकडं," मी म्हणालो. आवाज माझाच होता का, कोण जाणे.

गरम पाण्यात डबी बुडवून धरली. एका जागेवरून बुडबुड्यांची दोऱ्यासारखी रेघ निघाली. आत थेंब जरी राहिला तरी आगीला भेटायचा, म्हणून बुडबुडे पार थांबेपर्यंत पाणी बदलत राहिलो. मग दुकानात नेऊन तराजूवर वजन घेतलं. भोक बुजवायला लावलेला कथलाचा डाख जड झाला तर डबी पुन्हा बुडणार. गुंजभरापेक्षा जास्त चढवायचा नाही असं ठरवलं. कथलाचा बाजरीएवढा कण, तापल्या खिळ्याचं टोक, एक श्वास. पुन्हा वजन घेतलं, अर्धी गुंजही वाढली नव्हती. पुन्हा गरम पाण्यात धरली. एकही बुडबुडा नाही.

मेकॅनिकनं डबी कानाशी हलवून बघितली. "पस्तीस वर्षं मी हे काम करतोय," तो मामींना म्हणाला, "आणि हा पोरगा डाखासाठी तराजू काढतो!" तक्रार केल्यासारखं म्हणाला, पण त्याला हसू आवरत नव्हतं.

आवणीच्या त्या सकाळी टेम्पो फाटकाबाहेर उभा होता. जागा घेणारे गृहस्थ घड्याळ बघत होते. मामींनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मी स्टिअरिंगवर बसलो. मामी डाव्या बाजूला आल्या आणि त्यांचा हात सवयीनं मुठीकडं गेला. तिथं नुसतं भोक. मी मान खाली घातली, बाकावर आडवा होऊन आतून दार उघडलं.

"बरें जालें," आत बसत मामी म्हणाल्या. "आतां दार उघडायला माणूस आहे."

तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. लिंबं फुटली. फाटकाच्या चढावर गाडी एकदा खोकली आणि मी मामींकडं बघितलं. मामी समोर बघत म्हणाल्या, "वहींत काय लिहिलें होतें?" मी चोक अर्धा ओढला. गाडी चढ चढली, फाटक ओलांडलं, वळून पुढच्या अंगणात आली आणि आपल्या पायांनी थांबली. टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "सार, मी काय न्यायचं मग?" मेकॅनिक म्हणाला, "लिंबाच्या साली ने!"

इतका ताठ मी कधीच उभा राहिलो नव्हतो.

गाडी पुरती झालेली नाही. रंग उडालेला आहे, एक दिवा लागत नाही, छताचं कापड लोंबतं. कागदपत्रं नवी व्हायची आहेत, म्हणून रस्त्यावर काढत नाही. रविवारी अंगणातच चालू करतो आणि आतून दार उघडतो. मामी बसतात, वही तपासतात.

मुठीचं काम मी धरलंय. उजव्या दाराच्या मुठीवरून मेणाचा साचा केला, पितळेत ओतली आणि दाराला लावायला गेल्यावर कळलं की ही उजवीचीच दुसरी झाली. मामी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. दुसरी ओतताना तडकली. होईल. उशीर लागेल, पण मामी, तुमच्या बाजूची मूठ मी तुम्हाला करून देईन, आणि त्या दिवशी मी बाकावर वाकणार नाही. दार तुमच्या हातानं, बाहेरून उघडायचं.