तीट लावलेली बाहुली

हातोहात फिरत बाहुली माझ्या मांडीपर्यंत आली आणि काकूंनी ती वरच्यावर उचलली.

“हिच्याकडं नको. हिचं पहिलं जगलं न्हाई. बाकीच्या पोरींचे दिवस भरत आलेत.”

बाहुली रबरी. दुकानातून आणलेली.

घनसावंगीत एका मंगल कार्यालयात होणाऱ्या आईबापांसाठी वर्ग भरला होता. बाळंतपण कसं होतं, बाळाला कसं धरायचं, कसं पाजायचं, असं सगळं. शिकवायला जालन्याहून मॅडम आल्या होत्या. कार्यालय काकूंचं, रस्त्याच्या दोन्ही अंगांचा ऊस काकूंचा. पंख्याखालच्या खुर्च्यांवर त्यांच्या नात्यातल्या सुना. आम्ही मेंढपाळ वस्तीवरच्या बाया खाली सतरंजीवर. कोणी सांगितलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी बराबर बसले होते.

मॅडमनी सुरुवातीलाच माइकवर सांगितलं होतं, अंधश्रद्धा सोडा. आणि समोरच्या बाहुलीच्या डोक्यावर कुंची होती. गालावर काजळाची तीट. रबराला कोणाची नजर लागणार होती?

मी मॅडमकडं पाहिलं. त्या हसल्या. “राहू द्या हो ताई, त्यांच्या भावना आहेत. तुम्ही नुसतं बघा. बघूनही येतं.”

भावना! खुर्चीवरच्या भीतीला भावना म्हणतात. सतरंजीवरच्या भीतीला अडाणीपणा.

माझं पहिलं लेकरू गार पडून गेलं. पोरगी होती. जन्मल्या जन्मल्या तिला न्हाऊ घातलं आणि ओली तशीच फडक्यात गुंडाळली. आईच्या उघड्या छातीला लावून बाळाला ऊब द्यायची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेवढं शिकायला मी पोट घेऊन जीपमध्ये कोंबून आले होते.

खुर्चीवरची एक कुजबुजली, “मेंढ्यांचा वास येऊन राह्यला बाई.” दुसरी खुदकन हसली. काकूंना जोर चढला. “तुमच्यात तर रानात बी बाळंत होतेत. तुम्हाला काऊन पाह्यजे हे समदं?”

नवरा मागं पुरुषांत बसला होता. वाकून म्हणाला, “ऊठ. जाऊ आपण.”

“शिकल्याबिगर न्हाई जात,” मी म्हणाले.

मग उठले. पोट सांभाळत खुर्च्यांपर्यंत गेले. काकूंच्या हातातून बाहुली घेतली. हिसकावली नाही. घेतली. पदरानं तीट पुसून टाकली.

“अगं बये, काय केलंस हे!” काकू किंचाळल्या. दोन सुना पोटावर हात धरून मागं सरकल्या. कॉलेज केलेल्या पोरी. रबराला भ्याल्या. मला राग आला नाही, कीवही आली नाही. किळस आली.

“मॅडम, मला बी दाखवा,” मी म्हणाले. “न्हाई तर माइकवर सांगा, मेलेल्या लेकराच्या मायनं शिकायचं न्हाई म्हणून.”

मॅडमनी माइक खाली ठेवला. आणि दाखवलं. बाळाला आधी कोरडं पुसायचं, छातीवर पालथं ठेवायचं, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून पांघरूण. आवाज पार खाली आला होता त्यांचा. माफी त्यांनी मागितली नाही. मला नकोच होती. असल्यांची माफी घेऊन ठेवायची कुठं?

मी नवऱ्याला पुढं बोलावलं. आई शुद्धीवर नसेल तर बापाच्या छातीवरही चालतं, असं मॅडमच म्हणाल्या. त्याच्याकडून ते सगळ्यांसमोर करवून घेतलं. कोणी हसलं नाही.

काकूंनी दुसऱ्या दिवशी कार्यालय धुऊन घेतलं म्हणे. घेऊ दे.

आता माझे दिवस भरलेत. बाळंत झाले की कोणीतरी म्हणेल, आधी न्हाऊ घाला. कोणीतरी म्हणेल, तुला काय कळतं, आण इकडं. ती काकूंसारखी बाई असेल, दवाखान्यातली असेल, माझी सासूही असेल. लेकरू माझ्या उघड्या छातीवर राहील. ते उचलायला हात पुढं आला, तर मी कारण विचारीन. कारण नसलं, तर तो हात मनगटात धरून बाजूला करीन.