स्टँडचा आवाज

काळ्या सायकलींवर जीव टाकणारी माणसं अर्धी खुळी असतात, आणि उरलेली माझ्यासारखी तापट. आमच्या शहरात अशांचा एक गट आहे. जुन्या, जड, दांडीच्या काळ्या सायकली शोधायच्या, भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवायच्या, उघडायच्या, घासायच्या, पुन्हा उभ्या करायच्या आणि रविवारी सकाळी त्या दामटत दौलताबादच्या चढावरून वेरूळपर्यंत जायचं. निघताना सायकली अदलाबदल करायच्या, हा नियम. ज्याची त्यानं चालवली तर तो तिचे दोष लपवतो, असं बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणतात. काका आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ. त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं सगळं काम चालतं. दुसरा रोशन गेटचा टेलर. शिलाई मशीन बंद ठेवून हा पठ्ठ्या दिवसभर स्पोक ताणत बसतो आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खातो.

मी वाळूजला एका कंपनीत फिटर आहे. गटात माझं काम ठोकण्याचं. जुन्या सायकलीत पायडलचा दांडा कॉटर नावाच्या एका खिळीनं अडकवलेला असतो. गंज खाऊन ती अशी घट्ट बसते की कितीही घासलेट पाजा, हलायचं नाव नाही. मग मला हाक मारतात. "आ गया कसाई," टेलर म्हणतो. मी घण उचलतो. आधी लोखंड नुसतं कुरकुरतं, मग एखाद्या घावात खिळी सुटून पार भिंतीपर्यंत उडते. त्या क्षणी मला जे बरं वाटतं ते कोणाला सांगितलेलं नाही. कोणाचं तरी टाळकं फोडल्याचं ते समाधान असतं. कोणाचं, तेही मला ठाऊक आहे.

गटाची एक रीत आहे. कोणाच्या बापाची सायकल सापडली तर ती मुलानं दुरुस्त करायची नाही. बाकीच्यांनी गुपचूप करायची, एकही मूळ भाग न बदलता. मग एका सकाळी कोणीतरी ती चालवत त्याच्या गल्लीत न्यायची, दारात घंटी वाजवायची आणि स्टँडवर लावायची. बाप कामावरून घरी यायचा, अगदी तसं. काकांच्या वडिलांची सायकल टेलरनं अशी दारात आणली, तेव्हा काका पायरीवर बसून हमसून हमसून रडले होते. मीही तिथं होतो, टाळ्या वाजवत होतो. नाक पुसत काकांनी मला विचारलं, "तुझ्या वडिलांची कुठं आहे रे?"

"भंगारात गेली," मी म्हणालो.

ही थाप होती. सायकल आमच्या गच्चीवर होती, पाण्याच्या टाकीमागं, ताडपत्रीत गुंडाळून तारेनं आवळलेली. विकली असती तर कोणीतरी ती चालवली असती, आणि एखाद्या संध्याकाळी तिचा आवाज आमच्या गल्लीत आला असता. आई घरात असताना. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. बाकी आयुष्यात मी आईसाठी फार काही केलं असं नाही, पण तो आवाज तिच्या कानावर पडू द्यायचा नाही एवढं मी ठरवलं होतं. म्हणून सायकल कैदेत होती.

तो आवाज असा. बाप कारखान्यातून यायचा तेव्हा आधी गल्लीच्या तोंडाशी फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू यायची. मग घंटी, एकदाच. मग स्टँड. स्टँडचा एक पाय जरा वाकडा होता, त्यामुळं एक आधी टेकायचा आणि दुसरा मागून. खटक, खट्. दोन्हींच्या मध्ये जरा उसंत असली तर त्या दिवशी जेवण नीट व्हायचं. दोन्ही एकमेकांवर आदळले की आई हातातलं टाकून आम्हा भावंडांना डोळ्यांनी खूण करायची आणि आम्ही पलंगाखाली शिरायचो. पलंगाखालून फक्त पाय दिसतात. तिचे मागं सरकणारे, त्याचे पुढं येणारे.

मारायला त्याला पंप लागायचा. दांडीला क्लिपांमध्ये बसवलेला हवा भरायचा पितळी पंप. नुसत्या हातानं त्याचं भागत नसे. एकदा अंगण झाडताना आईनं सायकल बाजूला घेतली आणि ती पडली. चेनकव्हरवर ओरखडा उठला. त्या ओरखड्यासाठी त्यानं तिला अंगणातच लोळवलं. केस धरून फरफटत सायकलपाशी आणलं, ओरखड्यावर तिचं तोंड दाबलं, आणि मग पंप काढला. तोंड वाचवायला तिनं डावा हात वर धरला. त्याच हातावर तो मारत राहिला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. आई ओरडली नाही. ती कधीच ओरडायची नाही. शेजारी ऐकू जाणार नाही इतक्या हळू एवढंच म्हणायची, "अहो, पोरं बघतेत."

"बघू दे," तो म्हणायचा.

त्या दिवशी नंतर तो तेलाचं फडकं घेऊन चेनकव्हर पुसत बसला. तान्ह्या लेकराचं अंग पुसावं इतक्या मायेनं. मग तिला त्याच सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेलं. मला पुढं दांडीवर घेतलं होतं. कसं लागलं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर आई म्हणाली, सायकलवरून पडले. बाप शेजारी उभा राहून मान डोलवत होता. तिचा हात वाकडाच जुळला. आजही ती भाकरी थापते तेव्हा एका बाजूला जाड होते.

बाप माझ्या लग्नाआधीच मेला. आपल्या अंथरुणात, आईच्या हातचं पाणी पिऊन, निवांत मेला. याची चीड माझ्या मनातून गेलेली नाही. आईनं सुनेला यातलं काही सांगितलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात गळकी गच्ची दुरुस्त करायला माणसं लावली. डांबराच्या धुरानं आईला दम लागतो, म्हणून तिला बिडकीनला मावशीकडं पोचवलं. मी कंपनीत असताना गच्चीवरचं सगळं सामान खाली आलं. त्याच दुपारी टेलर माझ्या बायकोचे शिवलेले ब्लाउज द्यायला आला आणि ताडपत्रीतून डोकावणारं हँडल त्याच्या नजरेला पडलं. हे तुझ्या सासऱ्यांचं का, म्हणून त्यानं विचारलं. बायकोला आमची रीत माहीत होती. तिनं हौसेनं सायकल त्याच्या स्वाधीन केली आणि संध्याकाळी मला सांगितलं की भंगारवाला घेऊन गेला.

मी तिच्यावर इतका ओरडलो की गच्चीवरची माणसं हात थांबवून खाली बघायला लागली. भिंतीवर मूठ आपटली, बोटांची सालटं निघाली. ती घाबरून मागं सरकली, पण खरं काही बोलली नाही. त्यानंतर कुठल्याही सायकलची टिकटिक आली की माझे कान टवकारायचे. शेडकडं गेलो तर कुलूप. काका म्हणायचे, गुडघा धरलाय. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आई परत आली, त्या रविवारी मी अंगणात चहा घेत होतो. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. बायको उगाच आत-बाहेर करत होती आणि हसू दाबत होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टिकटिक आली. घंटी वाजली, एकदाच. मी उठेपर्यंत फाटकातून सायकल आत आली होती. खटक-खट्.

आत ताट पडलं. मी वळून पाहिलं तर आई खाली बसलेली. कोठी आणि भिंत यांच्या फटीत तिनं स्वतःला कोंबलं होतं. मोडलेला हात भिंतीच्या बाजूला, आड, आणि चांगला हात डोक्यावर. सत्तरीची बाई, मेथीची पानं लुगड्याला चिकटलेली. डोळे घट्ट मिटलेले.

बाहेर काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कॅरिअरला जेवणाचा डबा लावून उभे होते. मागं टेलर टाळ्या वाजवत होता. "देख भाई, कुछ नहीं बदला," तो म्हणाला. "स्टँड का पाँव टेढ़ा था, सीधा नहीं किया. आवाज भी वहीच रखी." त्याच्या चेहऱ्यावर इतकं प्रेम होतं की मला तो चेहरा फोडावासा वाटला. सायकल काळीभोर चमकत होती. चेनकव्हरवरचा ओरखडासुद्धा त्यांनी जपला होता. आणि दांडीला, चिंचेनं घासून लखलखीत केलेला पंप.

मी पंप ओढून काढला. पहिला फटका दिव्यावर मारला, काच अंगणभर झाली. दुसरा घंटीवर. मग चेनकव्हरवर मारत सुटलो. पत्रा आत गेला, ओरखडा दिसेनासा झाला, तरी मी मारतच होतो. सायकल आडवी पडली. मी तिच्या स्पोकांवर लाथा घातल्या, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, त्याही बापाच्याच. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. जन्मभर कॉटर ठोकून जे मिळालं नाही ते आता मिळत होतं. बायको किंचाळली. टेलर "अरे भाई, अरे भाई" करत मागं हटला. काका मात्र पुढं आले. त्यांना वाटलं मला दुःखाचा झटका आलाय. "बाळा, वडिलांची आहे रे," असं म्हणत ते सायकलवर वाकले आणि हात आडवा धरला. माझा फटका निघालेला होता. तो थांबवता आला असता की नाही, ते मला माहीत नाही. मी थांबवला नाही. काकांच्या मनगटावर तो पडला आणि हाड मोडल्याचा तोच आवाज पुन्हा आला.

काका पडल्या सायकलीवरच बसले. मी पंप पुन्हा वर उचलला.

मागून, अगदी हळू, शेजारी ऐकू जाणार नाही अशा आवाजात कोणीतरी म्हणालं, "अहो, पोरं बघतेत."

आई दारात होती. डोक्यावरचा हात तिनं अजून खाली घेतला नव्हता. ती माझ्याकडं बघत होती, आणि मला ओळखत नव्हती. मी अंगणात पोरं शोधली. तिथं एकही पोर नव्हतं. माझी मुलगीसुद्धा पुण्याला शिकायला असते. माझा हात वरच राहिला. टेलरनं जवळ येऊन बोटं एकेक करून सोडवली आणि पंप काढून घेतला.

मग आईला भान आलं. तिनं पदर सावरला, काकांना हाताला धरून पायरीवर बसवलं, त्यांचं मनगट आपल्या वाकड्या हातात घेऊन चाचपलं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून ती गुंडाळू लागली. बांधण्याची तिला चांगली सवय होती.

"मोडलंय, भाऊ," ती म्हणाली. "दवाखान्यात जावा. कसं लागलं म्हणून विचारतेन, तवा सायकलवरनं पडलो म्हणून सांगा. याचं नाव घेऊ नका. राग लई हाय, पर वाईट नाय तो."

बापाबद्दल ती आम्हाला हेच सांगायची.

टेलरनं रिक्षा आणली. मी काकांच्या बाजूला बसलो. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, सुजेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "कसं झालं हे?"

"सायकलवरून पडलो," काका म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी शेजारी उभा होतो. मी मान डोलावली.