आवाज न करणारं कार्ड

सत्यशीला शनिशिंगणापुरात सून म्हणून आली तेव्हा तिला एकच गोष्ट जड गेली. घराला दार नाही. बाहेरून नाही, आत खोल्यांनाही नाही. गावाची रीतच तशी. दर्शनाला येणारे त्याचं तोंडभर कौतुक करतात. पण ज्या बाईला घटकाभर एकटं बसायचंय तिने काय करावं, हे त्यांना कोण विचारणार! तिच्या खोलीला फुलाफुलांचा एक पडदा होता आणि तो कोणीही, केव्हाही, न विचारता बाजूला सारी.

त्या पडद्याआड ती लग्नाचे व्हिडिओ जोडायची. राहात्याचा एक स्टुडिओवाला चित्रीकरण पाठवी, ही हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं कापून, गाणी लावून परत धाडी. बाकी घर सासरचं होतं. हे काम तेवढं तिचं होतं, आणि त्यावर तिचा फार जीव होता.

कॉम्प्युटर जुना. व्हिडिओ तयार व्हायला लागला की त्यातल्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा. सासूबाई आक्काबाई मधल्या खोलीत कपाळाला फडकं बांधून पडत.

"डोकं उठलं माझं! येक तर त्याचा आवाज बंद कर, न्हाईतर उचलून दे कुनाला तरी."

नवरा कल्याण देवळाजवळ तेल-फुलांचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, "आईचं खरं हाय. आठ दिवसांत काय ते बघ." बघ म्हणायला त्याचं काय जात होतं!

सत्यशीला हट्टाला पेटली. भाकरी भाजता भाजता मोबाईलवर कार्डं बघू लागली. वेगवान घ्यावं तर त्याला दोन-दोन पंखे, वर वीज इतकी खाणार की पॉवर सप्लायही बदलावा लागणार. बिनपंख्याचं घ्यावं तर ते गप्प आणि स्वस्त, पण मोठ्या व्हिडिओला धापा टाकणारं. शेवटी तिने नगरच्या एका दुकानात फोन लावला. दुकानदार हर्षल भला माणूस निघाला.

"ताई, गेम खेळायचे हायेत का?"

"न्हाई हो दादा. आवाज नको आन् भाव झेपला पाहिजे, बास."

मग त्याने तिच्या कॉम्प्युटरच्या डब्याचं माप विचारलं आणि त्यात मावेल असं कार्ड सुचवलं. पंख्याच्या जागी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यावरच ते थंड राहायचं. "येळ थोडा जास्त लागंल, पन खोलीत हाय का न्हाई कळनार बी न्हाई."

कार्ड आलं. तिने स्वतः डबा उघडून बसवलं, बटण दाबलं आणि कान टवकारले. काहीच नाही. स्क्रीनवर नवरी हसत होती आणि मधल्या खोलीत आक्काबाई चक्क घोरत होत्या. सत्यशीलाला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली.

तो आनंद चार दिवसही टिकला नाही.

आक्काबाई पडदा सारून म्हणाल्या, "शीले, मशीन बंद दिसतंय. जरा शेंगदाने निवड." मग शेजारीण आली आणि तिच्याच पलंगावर पाय पसरून बसली. मग दुकानातून कल्याणने कापूर पाठवला आणि फोन केला. "रिकामीच हायेस तर पुड्या बांध."

"अहो, काम चालूय माझं!"

"कुठं? आवाज तर न्हाई."

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पूर्वी घरघर सुरू झाली की सगळे चरफडत, पण लांब राहत. त्या बिनदाराच्या घरात तिच्या खोलीला एकच दार होतं, ते त्या पंख्याच्या आवाजाचं. ते तिने आपल्याच हाताने, वर पैसे मोजून, उचकटून टाकलं होतं. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

राहात्याच्या माणसाचा निरोप आला. लग्नाचा व्हिडिओ आज दिवेलागणीपर्यंत मिळाला नाही, तर पुढची लग्नं तो दुसऱ्या कोणाला देणार होता. पाठवणी तेवढी जोडायची राहिली होती. सत्यशीला खाली मान घालून कामाला भिडली.

पडदा सरकला. आक्काबाई झोप काढून ताज्यातवान्या झाल्या होत्या. हातात मेथीची टोपली.

"झालं का गं? लई गुनाचं मशीन आनलंस बघ. आता मला बी तुज्यापाशी बसता येतंय." त्या मायेने तिच्या शेजारी टेकल्या.

समोर स्क्रीनवर नवरी आईच्या गळ्यात पडून तशीच थिजली होती. टेबलावर राहात्याच्या माणसाचा फोन वाजू लागला.

"झालं, आत्याबाई," सत्यशीला म्हणाली. तिने फोन उपडा ठेवला आणि मेथीची जुडी निवडायला सोडली.