माझा चुलतभाऊ किशोर

हातातला चहा आधी संपवून घ्या, मग सांगतो. मागे हा किस्सा सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता आणि शर्ट खराब झाला होता माझा!

तर माझं नाव किशोर पाटील. गाव नरडाण्याजवळ. आता खानदेशात किशोर पाटील म्हणजे काय, ते विचारू नका. धुळ्याच्या बसस्टँडवर उभं राहून नुसती हाक मारा, चार-पाच जण वळून बघतील आणि एखादा रिक्षाही थांबवेल. या नावानेच माझा घात केला. नाही, खोटं कशाला बोलू? घात केला तो भीतीने. मी जन्माचा घाबरट. शाळेत हजेरी घेताना "हजर" म्हणायचं, तर तेवढंही मी शेजारच्याकडून म्हणवून घ्यायचो.

जळगावला एक पाइपची कंपनी आहे. तिथे डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल गाड्यांत भरून पाठवायच्या खात्यात, जागा निघाली. अर्ज केला, मुलाखतीला गेलो. समोर चौधरी साहेब. बिचाऱ्यांनी माझी अवस्था बघितली आणि स्वतः उठून पाण्याचा ग्लास हातात दिला. माझा हात असा काही थरथरला की अर्धं पाणी त्यांच्या कागदांवर आणि उरलेलं त्यांच्या पँटवर! पुढचं काही मला आठवत नाही. आठवड्याभरात मोबाइलवर मेसेज आला, आपली निवड झालेली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कसली वाटचाल? मी तर पांघरूण घेऊन पडलो होतो.

मग धुळ्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहीत बसलो. वर्ष गेलं आणि त्याच कंपनीत पुन्हा जागा निघाली.

या खेपेला मात्र गोष्ट नुसत्या नोकरीची नव्हती. पारोळ्याकडच्या एका स्थळाशी बोलणं चाललं होतं. मुलीचं नाव शुभांगी. आम्हाला दोघांना बोलायला ओट्यावर बसवलं, तर तिने पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही नेहमीच एवढे घाबरता का?" मी म्हणालो, "हो." आणि ती हसली. बस्स! त्या हसण्यावर मी गारद झालो.

पण तिचे वडील, नाना, हसणाऱ्यांतले नव्हते. आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं, "पोऱ्या चांगला शे. पन कंपनीमा नोकरी लागू द्या, मंग सुपारी फोडू." आणि मागे पिंपळनेरचा एक बँकेतला मुलगा रांगेत उभाच होता. म्हणजे नोकरी नाही तर शुभांगी नाही, इतका साधा हिशोब.

अर्ज भरला. एकदा कंपनीच्या गेटसमोर चहा प्यायला थांबलो, तर तिथे कोणीतरी म्हणालं, "इथे एकदा नापास झालेल्याला परत उभं करत नाहीत हं!" माझं धाबं दणाणलं. त्यात ती भिजलेली पँट! चौधरी साहेब मला विसरणं शक्य होतं का?

मग मी ठरवलं, आपण ओळखूच यायचं नाही. भांग बदलला. साध्या काचांचा चष्मा घेतला. आणि मिशी काढून टाकली.

तुम्ही शहरातले लोक, तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे घरंदाज माणूस मिशी काढतो ती बाप गेल्यावर! हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सकाळी अंगणात आलो तर शेजारच्या अक्का डोळ्यांना पदर लावून उभ्या. "कव्हय गया रे आबा?" तेवढ्यात आबा गोठ्यातून धारेची बादली घेऊन बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं आणि असे कडाडले की म्हैस बिचकली.

"कारे, मी आजून जित्ता शे ना!"

दुपारपर्यंत माणसं भेटायला येत होती आणि आबा स्वतः प्रत्येकाला चहा पाजून परत पाठवत होते.

मुलाखतीच्या दिवशी पॅसेंजरने जळगावला निघालो. नाव पुकारलं, आत गेलो, तर समोर कोण? चौधरी साहेबच. पँटही तीच होती की काय कोण जाणे, मी तिकडे बघितलंच नाही.

साहेबांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"किशोर पाटील, नरडाणा. तुमच्याच भागातला एक किशोर पाटील मागच्या वर्षी आला होता. तुमचा कोणी?"

बघा, देवाने समोर दार उघडून दिलं होतं. "साहेब, तो मीच," एवढंच म्हणायचं होतं. पण भीतीला कुठे थांबता येतं?

"चुलतभाऊ, साहेब."

"नावही तेच?"

"आजोबांना आवडायचं. दोन्ही घरांनी ठेवलं. त्यावरूनच भाऊबंदकी सुरू झाली."

हे मी बोललो! कुठून आलं, देव जाणे.

"कसा आहे मुलगा?" साहेबांनी विचारलं.

मी विचार केला, ज्याला यांनी नाकारलं त्याचं कौतुक केलं तर आपणही त्याच्याबरोबर बुडणार. त्याच्यापासून जितकं लांब राहू तितकं बरं.

"घाबरट आहे, साहेब."

"असं?"

"कामात लक्ष नाही. एक काम धड पुरं करेल तर शपथ. हातात पाण्याचा ग्लाससुद्धा टिकत नाही त्याच्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ग्लासचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी चष्मा सावरला. "अख्ख्या गावाला ठाऊक आहे, साहेब. तोच सांगत फिरतो. लाज कसली ती नाहीच."

आणि मग मी सुटलोच. खोटं बोलतो म्हणालो. आईबापाच्या जिवाला घोर आहे म्हणालो. वर्षभर रात्री पडल्या पडल्या स्वतःबद्दल जे जे मनात यायचं, ते सगळं त्या टेबलावर ओतलं. इतकं मनापासून मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

साहेबांनी सुस्कारा सोडला.

"वाईट वाटलं ऐकून. मागच्या वेळी जागा एकच होती, ती अनुभवी माणसाला द्यावी लागली. पण तुमचा भाऊ माझ्या मनात भरला होता. पाणी सांडलं तर शिपायाची वाट न बघता रुमाल काढून खाली बसला, फरशी पुसली. मग माझे कागद एकेक करून पंख्याखाली वाळत घातले. सगळे क्रमाने! डिस्पॅचला असाच माणूस लागतो. या वेळी त्यालाच घ्यायचं ठरवलं होतं मी. तुमचं नाव बघून वाटलं, तोच आला."

आणि पेन उचलत म्हणाले, "बरं झालं, तुम्ही वेळेवर सांगितलंत."

डोळ्यांसमोर पिंपळनेरचा तो बँकवाला मुंडावळ्या बांधून उभा राहिला.

"साहेब, तो मीच."

"कोण?"

"किशोर."

"ते कळलं हो."

"म्हणजे तो किशोर, साहेब. ग्लासवाला."

"त्याला मिशी होती."

"काढली, साहेब."

"चष्मा नव्हता."

"हा खोटा आहे." मी चष्मा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "पाटील, भाऊबंदकी आमच्या चौधऱ्यांतही आहे. पण माणसाने इतकं खाली जावं? आधी भावाला बदनाम केलं आणि आता त्याच्याच जागेवर बसताय?"

मी घाईघाईने आधार कार्ड काढलं. साहेबांनी फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "यात तर तुम्ही दोघंही नाही," म्हणाले.

"थांबा. त्यालाच विचारतो." असं म्हणून त्यांनी मागच्या वर्षीचा नंबर शोधला आणि फोन लावला.

वाजला माझ्या खिशात!

बरं, वाजला तर वाजू द्यावा की नाही? मी सवयीने उचलला. "हॅलो," म्हणालो. समोरही साहेब, कानातही साहेब!

"त्याचा मोबाइलही घेऊन आलात?" दोन्हीकडून आवाज आला.

आता साहेब हट्टाला पेटले. या खेपेच्या अर्जावर दुसरा नंबर आबांचा होता. तो त्यांनी लावला आणि स्पीकरवर टाकला. माझा जीव थोडा भांड्यात पडला. म्हटलं, बाप तरी खरं सांगेल.

पण इथे एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. सोयरीक जुळायची असली की आमच्याकडे मुलीकडचे लोक चौकशी करतात. आणि ती सरळ नाही करत. कोणाच्याही नावाने, कुठूनही फोन येतो. आबांनी त्याचा इतका धसका घेतला होता की खताच्या दुकानातून फोन आला तरी ते आधी माझे गुण सांगायचे, मग युरियाचं बोलायचे.

"कंपनीतून बोलतोय," साहेब म्हणाले. "किशोर नावाचा तुमचा कोणी पुतण्या आहे का?"

"पुतन्या? नही भो! किशोर एकलाच शे, मना पोऱ्या. आनि भाऊबंदकी आमनाकडे बिलकूल नही!"

मी डोळे मिटले. सुटलो! इथे फोन ठेवला असता तर मी जन्मभर त्या माणसाचे पाय धुतले असते.

"बरं, काय करतो किशोर?" साहेबांनी विचारलं.

"जळगावले पाइपनी कंपनीमा मोठा साहेब शे!"

मी हातवारे करायला लागलो. फोनला काय दिसणार?

"असं? तिथे कोणी चौधरी आहेत ना?"

चौधरी साहेबांचं नाव आबांनी वर्षभर माझ्या तोंडून ऐकलेलं. मुलीकडच्यांपुढे मुलाची बाजू पडू कशी देतील?

"चौधरी? तो व्हय! तो त्याना हाताखाले शे. पानी आनी देस त्याले!"

साहेबांनी फोन हळूच टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पाणी मी दिलं होतं, एवढं खरं आहे. बाहेर बसा."

बाहेर बसलो. गावात काय तोंड दाखवायचं, आबांना काय सांगायचं आणि ओट्यावर हसलेली ती मुलगी आता कोणाच्या ओट्यावर हसणार, हेच डोक्यात फिरत होतं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं होतं.

परत बोलावलं.

"एकच विचारतो," साहेब म्हणाले. "मघाशी किशोरबद्दल जे सांगितलं, ते खरं की खोटं?"

आता सांगा! खरं म्हणावं तर कामचुकार म्हणून नोकरी गेली. खोटं म्हणावं तर खोटारडा म्हणून गेली.

"घाबरट आहे एवढं खरं, साहेब. बाकीचं भीतीने बोललो."

साहेब पहिल्यांदा हसले. अगदी पोट धरून हसले. मग म्हणाले, "सोमवारपासून पाठवून द्या. तुम्ही नाही हं! तो मागच्या वर्षीचा."

नोकरी लागली! आबांनी गावात पेढे वाटले. मी म्हटलं, संपलं एकदाचं.

संपतंय कसलं? नाना पक्के माणूस. सुपारी फोडायच्या आधी स्वतः जळगावला जाऊन कंपनीत चौकशी करून आले. गाठ पडली ती नेमकी चौधरी साहेबांशी. संध्याकाळी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. आबा समोर, मी खांबाला टेकून उभा.

"करी ऊनू चौकशी," नाना म्हणाले. "साहेब म्हने, पोऱ्या सोना शे."

माझी छाती फुगली.

"पन त्याना एक चुलतभाऊ शे म्हने, नाव बी तेच. लई बेकार मानूस. भाऊनी नोकरी घालवाले कंपनीमा जाई ऊना. साहेब म्हने, त्यानापासून जपा."

आबांनी तोंड उघडलं. मी जोरात खोकलो. आबांनी तोंड मिटलं.

"सुपारी फोडू," नानांनी मांडीवर थाप मारली, "पन तो मानूस मना मांडवमा पाय ठेवनार नही! सांगी ठेवस."

मी काय करणार? खांबाला घट्ट धरून म्हणालो, "नाना, तो आलाच तर मीच हाकलतो त्याला."

लग्न झालं. अख्ख्या लग्नात नाना मांडवाच्या दाराशी उभे, येणाऱ्या प्रत्येक पाटलाला नाव विचारत होते. आणि मी पाटावर घामाघूम, भटजींनी नवरदेवाचं नाव मोठ्याने घेऊ नये म्हणून देवाला हात जोडत होतो.

शुभांगीला मी सगळं सांगून टाकलंय. नानांना सांगायची अजून हिंमत नाही. परवाही ते आले, चहाचा कप हातात घेतला आणि इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "कारे किशोर, तो दिसना का पुन्हा कोठे?"

मी काही बोलायच्या आत शुभांगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "रोज दिसतो त्यांना, नाना. दाढी करताना!"